कपडे धरायला कोण आलंय

“तुमचे कपडे धरायला कोण आलंय?” शेजारच्या टकल्या माणसानं विचारलं.

सहजच विचारलं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस कुठं उतरणार म्हणून विचारतो, तितकं सहज. मी केळं खात होते. घास तोंडातच राहिला आणि मी नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. बाहेर पाऊस होता. फार मोठा नाही, पण चिवट, थांबायचं नाव न घेणारा, आणि त्यात गारठा. बाजाराच्या इमारतीखाली गाड्या लावायची लांबलचक जागा आहे, तिथं आम्ही तीन-चारशे जण शर्यत सुटायची वाट बघत बसलो होतो. एकवीस किलोमीटरची शर्यत, सकाळी सहाला सुटायची. पण पुढं कुठंतरी रस्त्यावर पाणी तुंबलं होतं म्हणून पाऊण तास उशीर होणार होता, आणि ही बातमी कर्ण्यावरची बाई दर पाच मिनिटांनी अशा काही उत्साहानं देत होती की ऐकणाऱ्याला वाटावं बक्षीसच जाहीर होतंय. पोरं जागच्या जागी उड्या मारत होती. कुणी भिंतीला हात लावून पाय ताणत होतं. सिमेंटचा, ओल्या बुटांचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा मिळून एक वास सगळीकडे भरला होता, आणि मी त्या वासाकडे लक्ष द्यायचं नाही असं घरून निघतानाच ठरवून आले होते.

एकोणसाठाव्या वर्षी पहिल्यांदा शर्यतीत उतरणारी बाई कशी दिसते ते मला समोरच्या गाडीच्या काचेत दिसत होतं. डोक्याला रुमाल, हातांत पायमोजे, पोटाशी वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर ह्यांचं निळं जाकीट, आणि त्या सगळ्यावर कचऱ्याची मोठी काळी पिशवी उलटी घातलेली, तळाला डोक्यापुरतं भोक आणि बाजूंना हातांपुरती. बसायला पुठ्ठा. बुजगावणंसुद्धा जरा नीटनेटकं असतं. पण थंडी वाजत नव्हती, आणि कुठं ओलही लागली नव्हती. हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, एकोणीस वर्षं कानावर पडत आलं होतं. “आधी पाय कोरडे, मग पोट गरम, मग बाकीची दुनिया,” असं हे म्हणायचे. हे, म्हणजे माझे यजमान. धावायचे ते. मी नाही.

“माझी ती बघा, खांबाजवळ,” टकल्या माणूस सांगत होता. छत्री घेऊन एक ठेंगणी बाई उभी होती आणि इतक्या लांबूनही तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती मनातल्या मनात कुणाला तरी झापतेय. “येताना शिव्या, उभी असताना शिव्या, परत जाताना शिव्या. पण येते. मी किल्ल्या बनवतो, इथंच मागच्या गल्लीत. सहा वर्षं धावतोय आणि सहाही वर्षं शेवटून पहिला. माझ्या मागं फक्त रस्त्यावरचे खुणेचे खांब काढत येणारी गाडी असते.” त्यानं बुटांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवून रबर लावलं होतं. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. मग तो माझ्या गळ्याशी पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या कॉलरकडे बघून म्हणाला, “चांगलं दिसतंय जाकीट. धरायला कुणी नसेल तर टाकावं लागेल हां. पुढं दोरीपाशी सगळे टाकतातच. नंतर संस्थेवाले गोळा करून गरिबांना देतात.”

“टाकायलाच आणलंय,” मी म्हणाले.

आणि ते खरं होतं. लेकीनंच फोनवर सांगितलं होतं की आई, अंगावर जुनं काहीतरी घालून जा, सुटायच्या वेळी टाकून दे, तिथं सगळे तसंच करतात. जुनं म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दहा महिने दाराच्या मागच्या खुंटीला ते जाकीट लटकत होतं. येता-जाता खांद्याला लागायचं. ह्यांचे बाकीचे कपडे लेक आणि मी मिळून देऊन टाकले, हे मात्र राहिलं. दोघींपैकी एकीनंही त्याचा विषय काढला नाही. मग मला वाटलं, जिथं ते एकोणीस वर्षं अंगावरून उतरत आलं तिथंच शेवटचं उतरवावं. घरातून नेऊन कुणाच्या हातात देणं मला जमलं नसतं. इथं गर्दीत, सगळ्यांबरोबर, धावत्या पायाखाली टाकून पुढं जाणं कदाचित जमेल, असा माझा हिशेब होता.

कारण कपडे धरायला कोण आलंय याचं उत्तर एकोणीस वर्षं मी होते. ही शर्यत माझ्याइतकी कुणी पाहिली नसेल, आणि माझ्याइतकी कमी कुणी पाहिली नसेल. पहाटे चारला उठायचं, चहा, दोन केळी, मग ह्यांच्या बुटांच्या नाड्यांना दोन-दोन गाठी पडल्या की नाही ते बघायचं. इथं येऊन दोरीच्या बाहेर उभं राहायचं. हे आत, कळपात. सुटायला दोन मिनिटं राहिली की हे गर्दी कापत दोरीपाशी यायचे, जाकीट काढून माझ्या हातात द्यायचे आणि दर वर्षी न चुकता तेच सांगायचे, “ओलं करू नकोस गं.” जणू मी धोबीघाटावर निघाले होते. मी ते माझ्या स्वेटरवरून लगेच अंगात घालायची. गरम असायचं. अंगातून नुकतं निघालेल्या कपड्याची गरमी वेगळीच असते, ती बाहेरून येत नाही, आतून येते. मग भोंगा वाजायचा, हजार पाय माझ्या समोरून जायचे, आणि पेट्रोल पंपापाशी रस्ता डावीकडे वळतो तिथं सगळे एकदम नाहीसे व्हायचे. रस्ता रिकामा. नुसते कपडे पडलेले. आणि मी ती अडीच तासांची गरमी अंगावर घेऊन तिथंच उभी. त्या वळणापलीकडे काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. एकदा ह्यांना विचारलं तर म्हणाले, “काय असणार? रस्ता.” मला राग आला होता. एकोणीस वर्षं माणूस एका वळणाआड जातो आणि सांगताना म्हणतो, रस्ता.

म्हणजे मी काही त्यांची आठवण म्हणून धावायला आले नव्हते. तसं लेकीला वाटलं होतं, आणि तिच्या आवाजात जो ओलावा आला होता त्यामुळं मी तिला खरं सांगितलं नाही. मला ते वळण बघायचं होतं. पाच महिने मी रोज पहाटे तासभर चालत, जमलं तर पळत होते. तशी सवय होतीच. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली आहेत, चादरींच्या गाड्या ढकलत दिवसाला किती चालणं होतं ते पायच सांगतील. तिथं बसायला खुर्ची आहे, पण ती साहेब आले की त्यांच्यासाठी.

ह्यांची नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. सगळा दिवस त्या चौकोनी विहिरीत, ग्रीसमध्ये हात, वर बघावं तर दोर आणि खाली बघावं तर अंधार. म्हणून संध्याकाळी उघड्यावर धावायचे, असं त्यांचं म्हणणं. घरी आले की आधी ग्रीसचा वास यायचा, मग मलमाचा, मग त्यांचा. मी नाक मुरडायची. न्हाणीघराकडे बोट दाखवायची. सगळा जन्म दुसऱ्यांचे वास धुण्यात गेलेल्या बाईला घरी आणखी एक नको होता, आणि हे मुद्दाम जवळ येऊन उभे राहायचे. दहा महिन्यांपूर्वी एका मंगळवारी ह्यांनी एका इमारतीतली लिफ्ट स्वतःच्या हातानं बंद केली आणि अकराव्या मजल्यावरच्या मोटारीकडे जिन्यानं निघाले. नवव्या मजल्यावर बसले, ते बसलेच. एकवीस किलोमीटर धावणारा माणूस, दोन मजले कमी पडले. आणलं आमच्याच हॉस्पिटलात. मला खाली बोलावलं तेव्हा मी आधी चादर ओळखली, माणूस नंतर. कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याची टीप होती. आदल्याच आठवड्यात ती मी शिवून घेतली होती.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. दुःख झालं की कुणी रडतं, कुणी अंथरूण धरतं. मी धुते. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले आणि ह्यांचे सगळे कपडे बाहेर काढले. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. ग्रीसच्या पँटींना आधी साबण चोळून ठेवला. कपाटातले धुतलेले शर्टसुद्धा पुन्हा टाकले, कारण कपाटात राहून कपड्याला वास लागतो, हे मी एकतीस वर्षं पोरींना शिकवत आले आहे. उशीचा अभ्रा, टॉवेल, टोपी, पांघरूण. सगळं साठ अंशांवर. जाकीट तेवढं नायलॉनचं म्हणून गार पाण्यात नुसतं बुडवून काढलं. संध्याकाळी इस्त्रीसुद्धा झाली, कपाट लागलं, आणि मी मनात म्हटलं, चला, एक काम हातावेगळं झालं. दुसऱ्या दिवशी लेक आली. ती चार तासांवरच्या गावाला असते; अंत्यविधी झाल्यावर पोरांना घरी सोडून परत आली होती. चहासुद्धा न घेता ती ह्यांच्या कपाटापाशी गेली, चौकड्यांचा शर्ट काढला आणि त्यात तोंड खुपसून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग शर्ट खाली घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “आई, सगळं धुतलंस?”

“हो,” मी म्हणाले, “अगदी टॉवेलसुद्धा.”

मी ते कौतुकानं सांगितलं होतं. हेच मला विसरता येत नाही. तोंडातून शब्द गेले आणि मग तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की मी काय करून बसले. ती फक्त म्हणाली, “एक तरी ठेवायचास.” शर्टाची घडी घातली, होता तसा ठेवला आणि चहा करायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. गोळी घेतलीस का, घेतली. पाणी आलं का, आलं. पोरं कशी आहेत, मजेत. दोघीही त्या कपाटाला वळसा घालून बोलतो. माणूस जिन्यावर गेला, त्याला माझा इलाज नव्हता. पण घरात तो जेवढा उरला होता तेवढा मी माझ्या हातानं घालवला, आणि तोही एकट्या माझा नव्हता. कुठल्याही दुसऱ्या बाईनं हे केलं नसतं. दुसरी बाई रडत बसली असती आणि कपडे आपोआप राहिले असते.

ती परत गेल्यावर मी एक वेडेपणा केला. आमच्या धुलाईखान्यात पूर्वी एक मोठ्या बाई होत्या, त्यांच्या हाताखाली मी शिकले. त्या म्हणायच्या, “कोरडा कपडा खोटं बोलतो. वाफ दे, मग खरं काय ते सांगेल.” धुतलेला कपडा कितीही स्वच्छ वाटला तरी गरम ओल लागली की आत दडून बसलेला वास वर येतो, शंका आली की आम्ही वाफेवर धरून बघायचो. मात्र त्या हेही सांगायच्या की एकदा उठलेला वास हवेत जातो. दोनदा, फार तर तीनदा उठेल, मग काही नाही. त्या रात्री मी ह्यांचा एकेक शर्ट इस्त्रीच्या वाफेवर धरला. बगलेशी, कॉलरशी, मनगटाशी नाक नेलं. साबण. प्रत्येकात साबण. साठ अंशांचं काम चोख झालं होतं. जाकिटाला इस्त्री चालत नाही, वितळतं, म्हणून ते तसंच खुंटीला राहिलं.

कर्ण्यावरची बाई एकदम ओरडली की सर्वांनी आपापल्या जागी यावं, दहा मिनिटं. पुठ्ठे टाकून सगळे उठले. गर्दीबरोबर मीही बाहेर पावसात आले, दोरीच्या आत. आत, हे मला दोनदा मनाशी म्हणावं लागलं. पाय सवयीनं बाहेरच्या बाजूला वळत होते. पिशवीवर पाऊस तडतडत होता आणि आत मी कोरडी, भट्टीशेजारी बसावं तशी गरम. भोवती कपडे पडायला सुरुवात झाली. स्वेटर, शाली, एकाचा चक्क झोपायचा पायजमा. लोक डोक्यावरून काढून न बघता बाजूला फेकत होते. माझ्या पायाशी एक चांगला पिवळा स्वेटर पडला, बाही उलटी, चिखलात. मला राहवलं नाही. उचलला, बाही सरळ केली, घडी घातली. मग दुसरा. मग एका पोरीनं आपला टॉवेल माझ्या हातावर ठेवला, थँक्यू म्हणाली आणि गेली. बघता बघता माझ्या हातांवर पाच-सहा कपड्यांचा ढीग झाला आणि आणखी दोघं ठेवायला रांगेत.

“ताई, तुम्ही धावणार आहात की धुणार आहात?” किल्लीवाला मागून म्हणाला.

मला हसू आलं. दहा महिन्यांत बहुतेक पहिल्यांदाच. मी तो ढीग दोरीवर नेऊन नीट टांगला, आणि रिकामे हात बघून मला एकदम फार एकटं वाटलं. दोरीच्या पलीकडे छत्र्या होत्या. प्रत्येक छत्रीखाली कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी पोटाशी धरून उभं होतं. मी उभी राहायची ती जागा, विजेच्या खांबापासून दोन पावलं, तिथं कुणीच नव्हतं, नुसती पावसाची धार पडत होती. मला वाटलं होतं की आत आल्यावर ते एकटेपण बाहेर राहील. ते माझ्याबरोबर दोरीखालून वाकून आत आलं होतं.

“पाच मिनिटं,” कर्ण्यावरची बाई म्हणाली.

मनाला वेळ द्यायचा नाही, असं म्हणून मी हातांतले पायमोजे उतरवले, पिशवी डोक्यावरून ओढून काढली, शर्यत सुटते तिथल्या कमानीच्या आडोशाला सरकले आणि जाकिटाची चेन गळ्यापासून खाली खेचली. आणि हे आले.

दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. पाऊण तास त्या बंद पिशवीत माझ्या अंगाच्या गरमीनं, माझ्या घामाच्या वाफेनं जे शिजत होतं ते चेन उघडल्याबरोबर एकदम वर आलं. आधी ग्रीस. मग मलम. मग ते. दारात उभे राहिल्यासारखे, मुद्दाम जवळ येऊन. मी कमानीच्या खांबाला धरलं. बाजूला कुणीतरी विचारलं, बरं वाटत नाही का. मी एक श्वास घेतला, पोटापर्यंत, जिथं वर्तमानपत्र होतं तिथपर्यंत. नाक मुरडायची मी ह्या वासाला. न्हाणीघराकडे बोट दाखवायची. मला मोठ्यानं रडायचं होतं, आणि त्याच वेळी डोक्यात मोठ्या बाईंचा आवाज चालू होता की दोनदा, फार तर तीनदा. नाक आपोआप पुन्हा कॉलरकडे निघालं. मी तोंड फिरवलं. दुसरा श्वास माझा नव्हता.

मग माझे हात कामाला लागले. एकतीस वर्षांत इतक्या घाईनं आणि इतक्या नीट मी काही केलेलं नाही. चेन लावली, जाकीट काढलं, छातीशी धरूनच घडी घातली, आत हवा जाऊ न देता. काळी पिशवी झटकली, तिची आतली बाजू माझ्याच शर्टाच्या कोरड्या पाठीला पुसली. वरच्या अर्ध्या भागाला भोकं होती, पण खालचा अर्धा धड होता. जाकीट त्यात सरकवलं, भोकांच्या खाली पिळून एक गाठ मारली, तोंडाशी पिळून दुसरी. गोळीचा कागद दोन्हीकडून पिळतात तशी. लागणीच्या रोग्यांचे कपडे आम्ही असेच दोन गाठींनी बांधतो, त्यातून काही बाहेर येत नाही. तेवढ्यात पाऊस माझ्या अंगात शिरला होता. अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, तोही पाठीला चिकटला. पोटाशी वर्तमानपत्राचा लगदा व्हायला लागला. दात वाजत होते.

आणि काळजी वेगळीच. अंगाची ओल लागलेला कपडा बंद पिशवीत किती टिकतो ते मला ठाऊक आहे. एक दिवस. उद्या सकाळी कुबट वास येईल आणि त्याखाली बाकी सगळं जाईल. कमरेच्या बटव्यातून मी फोन काढला. बोटं इतकी गारठली होती की दोनदा चुकले.

“आई?” लेकीचा झोपेतला आवाज. “काय झालं? पडलीस का?”

“नाही गं. अजून सुटलीसुद्धा नाही. तू आज येशील?”

“आज? आई, पोरांची शाळा... काय झालंय?”

“संध्याकाळपर्यंत ये. उद्या नको. उद्या उपयोग नाही.” मला पुढचं सांगता येईना. आजूबाजूला लोक मोठमोठ्यानं आकडे म्हणायला लागले होते. “मी धुतलं होतं ना सगळं,” मी म्हणाले, “एक राहिलंय. नीट धुतलं गेलं नव्हतं.”

ती अगदी हळू म्हणाली, “येते. अकराची बस आहे. येते मी.” आणि मग, आवाज फुटत असताना, “आई, उघडू नकोस.”

“नाही उघडत,” मी म्हणाले.

किल्लीवाला माझ्याकडे बघत उभा होता. आपली पावाची पिशवी काढायची राहिली आहे याचाही त्याला विसर पडला होता. “अहो ताई, घालायचं सोडून बांधून काय ठेवलंत? कुडकुडताय तुम्ही. आणा इकडं ते, आमच्या हिच्याकडे देतो. धरेल ती, शिव्या देईल पण धरेल.” तो खरंच हात पुढं करून उभा राहिला. त्याची बायको छत्री घेऊन दोरीपर्यंत आलीसुद्धा होती आणि चांगल्या मनानं मान हलवत होती.

“नको,” मी म्हणाले, “धरायला मी आलेय ना.”

भोंगा वाजला. आधी काहीच झालं नाही. मागच्या लोकांना सुटायला वेळ लागतो, हे मला बाहेरून कधी कळलं नव्हतं. मग पुढची पाठ हलली आणि मी हलले. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. असं धरून पळता येत नाही, बाळाला घेऊन पळावं तसं होतं, पण मला जे जमत होतं त्याला पळणंच म्हणायचं. पायांखाली टाकून दिलेले कपडे तुडवले जात होते. विजेच्या खांबापासून दोन पावलांवरची ती रिकामी जागा माझ्या डाव्या हाताला आली आणि मागं गेली. किल्लीवाला माझ्याही मागं राहिला होता आणि त्याची बायको त्याला ओरडून सांगत होती की निदान त्या बाईच्या तरी पुढं जा. पाणी केसांतून डोळ्यांत, डोळ्यांतून तोंडात येत होतं, खारट लागत होतं. पेट्रोल पंप आला. रस्ता डावीकडे वळला, आणि मी वळले.

पलीकडे रस्ता होता. लांब, सरळ, ओला. एक बंद टायरचं दुकान, त्याच्या पायरीवर दात घासत उभा असलेला एक माणूस, आणि पुढं शेकडो पाठी. बाकी काही नाही. खरंच सांगत होते हे.

“ओलं केलं नाही हं,” मी म्हणाले, आणि पिशवी जरा वर सरकवून धरली.